बांकारेल्ला पुरस्कार: पुस्तकविक्रेत्यांनी गौरवलेल्या पुस्तकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांकारेल्ला पुरस्कार म्हणजे नेमके काय?

इटलीत दरवर्षी दिला जाणारा हा साहित्यपुरस्कार आहे आणि त्याचा अंतिम कौल पुस्तकविक्रेते देतात. समीक्षक, प्राध्यापक किंवा आधीचे विजेते लेखक यांची समिती शेवटचा शब्द उच्चारत नाही. टस्कनीच्या उत्तर टोकाला, मास्सा-कर्रारा जिल्ह्यात, माग्रा नदीच्या खोऱ्यात लुनिजाना नावाचा डोंगराळ मुलूख आहे. त्या मुलखातील पोन्त्रेमोली या लहानशा गावी उन्हाळ्यात हा पुरस्कार जाहीर होतो. पुरस्काराला नाव मिळाले ते रस्त्याकडेला लाकडी फळ्यांवर पुस्तके मांडून विकणाऱ्यांच्या ठेल्यावरून. १९५३ साली तो पहिल्यांदा दिला गेला आणि तेव्हापासूनची विजेत्या पुस्तकांची यादी आज सत्तरीच्या पुढे गेली आहे.

मोठी शहरे सोडून हा पुरस्कार या आडवळणाच्या खोऱ्यात का दिला जातो?

कारण इटलीतील फिरत्या पुस्तकविक्रीचे मूळच या खोऱ्यात आहे. पोन्त्रेमोलीजवळच्या मुलात्सो तालुक्यात मोन्तेरेज्जो नावाचे खेडे आहे. तेथील आणि आसपासच्या वाड्यांतील कुटुंबांनी पिढ्यानुपिढ्या पुस्तके विकण्याचाच व्यवसाय केला. जमीन खडकाळ, शेती जेमतेम आणि अन्न म्हणजे मुख्यतः चेस्टनटचे पीठ, अशी त्या भागाची स्थिती होती. त्यामुळे वर्षातील काही महिने पो नदीच्या मैदानात मजुरीला जाणे हा तेथील पुरुषांचा जुना शिरस्ता होता.

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जवळजवळ आलाच नाही. १८१६ साली पिके बुडाली, मैदानातील शेतांवर मजुरांची गरज उरली नाही आणि लुनिजानाच्या माणसांना दुसरा धंदा शोधणे भाग पडले. परंपरेने सांगितली जाणारी हकीकत अशी, की या माणसांनी पाठीवरच्या करंड्यांत आपल्या डोंगरातले धार लावायचे दगड, देवादिकांची चित्रे आणि पंचांगवजा पुस्तिका भरल्या व ते गावोगाव विकत फिरू लागले. दगड मागे पडत गेले आणि पुस्तके वाढत गेली. सुरुवातीच्या या विक्रेत्यांपैकी अनेकांना नीट वाचताही येत नव्हते, असे सांगतात. तरीही कोणत्या गावात कोणते पुस्तक खपेल, याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. इटलीच्या एकीकरणाच्या चळवळीच्या काळात याच करंड्यांतून बंदी घातलेली पुस्तके सरहद्दी ओलांडून गेल्याचेही सांगितले जाते, आणि ते अविश्वसनीय नाही. फेरीवाल्याच्या ओझ्याची झडती घेणे पोलिसांना छापखान्याच्या झडतीइतके सोपे नव्हते.

पुढे करंडीची हातगाडी झाली, हातगाडीचा ठेला झाला आणि ठेल्याचे दुकान झाले. उत्तर इटलीतील अनेक शहरांतील जुन्या पुस्तकदुकानांच्या मालकांची मूळ गावे शोधली, तर ती याच खोऱ्यात सापडतात. काही जण समुद्रापार गेले. बार्सेलोनातील प्रख्यात माउच्ची प्रकाशनसंस्थेचा संस्थापक एमान्युएले माउच्ची हा याच मुलखातला. १९५२ साली या विखुरलेल्या विक्रेत्यांचा मोन्तेरेज्जो येथे मेळावा भरला आणि त्यातून पुरस्काराची कल्पना पुढे आली. आपण ज्यावर पोट भरले त्या पुस्तकांतील एक दरवर्षी निवडून त्याचा मान करावा, इतका साधा तो विचार होता.

पहिला पुरस्कार कोणत्या पुस्तकाला मिळाला?

अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या पुस्तकाच्या इटालियन अनुवादाला. फेर्नांदा पिव्हानो यांनी तो अनुवाद केला होता. मराठी वाचकांना हे पुस्तक पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’मुळे चांगले परिचयाचे आहे, म्हणून बांकारेल्लाच्या यादीची ओळख करून घ्यायला याहून सोयीचे दार नाही. १९५३ हे या पुस्तकाच्या भाग्याचे वर्ष होते, कारण त्याच वर्षी त्याला अमेरिकेत पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी लेखकाला नोबेल.

पहिल्याच वर्षी परदेशी लेखकाचे, तेही आकाराने लहान आणि कथानकाने अगदी साधे पुस्तक निवडले गेले, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. विद्वानांच्या समितीनेही कदाचित हेच पुस्तक निवडले असते. ठेलेवाल्यांनी ते निवडले, त्यामागे आणखी एक कारण असावे असा माझा अंदाज आहे. एका बैठकीत संपणारे, कोणाच्याही हातात निःशंकपणे देता येणारे आणि तरीही वाचकाला फसवल्याची भावना न देणारे पुस्तक विक्रेत्याला फार क्वचित मिळते.

निवड कशी होते?

ही निवड दोन टप्प्यांत होते. आधी वर्षभरातील पुस्तकांतून सहा पुस्तके निवडली जातात. या सहा पुस्तकांना निवडपुरस्कार मिळतो आणि तो स्वतःच एक सन्मान समजला जातो, त्यामुळे इटालियन पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर या निवडीचाही अभिमानाने उल्लेख केलेला दिसतो. त्यानंतर देशभरातील मतदार विक्रेत्यांकडे, म्हणजे स्वतंत्र दुकानदार आणि ठेलेवाले यांच्याकडे, मतपत्रिका जातात. अंतिम मोजणी पोन्त्रेमोलीच्या चौकात लोकांसमोर, नोटरीच्या देखरेखीखाली होते. एकेक मत मोठ्याने वाचले जाते आणि सहाही लेखक बहुधा समोरच बसलेले असतात. साहित्यपुरस्कारांच्या जगात बंद दाराआडच्या बैठकांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या उघड्या मोजणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

विक्रेते मत देणार म्हणजे सर्वाधिक खपाच्या पुस्तकालाच पुरस्कार, असे होत नाही का?

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा घेतला जातो आणि तो काही अंशी खराही आहे. पुरस्काराच्या मूळ हेतूतच गुणवत्ता आणि विक्री या दोहोंचा विचार आहे. जे पुस्तक कोणी विकत घेतलेच नाही, ते कितीही थोर असले तरी ठेलेवाल्यांनी गौरवावे अशी अपेक्षा येथे नाही. तथापि खपाची यादी आणि विक्रेत्याचे मत यांत मोठे अंतर आहे. खपाचा आकडा फक्त किती प्रती दुकानाबाहेर गेल्या ते सांगतो. ती प्रत वाचली गेली का, वाचणारा परत येऊन त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक मागू लागला का, की आठ दिवसांनी तोंड वाकडे करून निघून गेला, हे गल्ल्यापाशी बसलेल्या माणसालाच ठाऊक असते. जाहिरातीच्या जोरावर पहिल्या पंधरवड्यात उसळून नंतर बसलेले पुस्तक आणि सहा महिने रोज एकदोन प्रतींनी जात राहिलेले पुस्तक यांचा एकूण आकडा सारखा असू शकतो. विक्रेत्याच्या लेखी ती दोन पुस्तके कधीही सारखी नसतात.

दुसऱ्या बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. विक्रेत्याला तेच पुस्तक दिसते जे वितरणाच्या साखळीतून त्याच्या फळीपर्यंत पोहोचते. छोट्या प्रकाशकाने काढलेले, तीनशे प्रतींत संपलेले, कवितेचे किंवा अवघड गद्याचे पुस्तक या मतदानात सुरुवातीपासूनच मागे पडते. शिवाय विजेते पुस्तक पुढे अधिक विकले जाणार हे मत देणाऱ्याला माहीत असते, म्हणजे त्याच्या मतात त्याचा थोडा स्वार्थ असतोच. समीक्षकांच्या समित्यांत मैत्री, ऋणानुबंध आणि प्रकाशनसंस्थांचे दबाव यांचा स्वार्थ असतो. येथला स्वार्थ निदान उघड आणि समजण्याजोगा आहे. मला तो तुलनेने निरुपद्रवी वाटतो.

नोबेल मिळण्याआधी बांकारेल्ला मिळालेले लेखक कोणते?

तीन नावे नेहमी सांगितली जातात. हेमिंग्वे यांचा उल्लेख वर आलाच आहे.

दुसरे बोरिस पास्तरनाक. ‘डॉक्टर झिवागो’ ही कादंबरी सोव्हिएत संघात छापायला नकार मिळाला आणि तिचे हस्तलिखित इटलीत पोहोचले. मिलानच्या फेल्त्रिनेल्ली प्रकाशनाने सोव्हिएत दबाव झुगारून नोव्हेंबर १९५७ मध्ये ती इटालियन भाषेत प्रसिद्ध केली. जगात कोठेही झालेले हे तिचे पहिले प्रकाशन होते, म्हणजे ही रशियन कादंबरी रशियन वाचकांच्या आधी इटालियन वाचकांच्या हाती पडली. १९५८ सालचा बांकारेल्ला तिला मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पास्तरनाक यांना नोबेल जाहीर झाले आणि मायदेशातील प्रचंड दडपणापुढे त्यांना ते नाकारावे लागले. सोव्हिएत संघात ही कादंबरी छापून यायला १९८८ साल उजाडले. तिचे वाङ्मयीन मूल्य आणि तिच्याभोवतीचे राजकारण यांचा गुंता पुढे कित्येक वर्षे सुटला नाही. ठेल्यावरच्या विक्रेत्याला त्या गुंत्याशी फारसे कर्तव्य नसावे. प्रेमकथा, क्रांती, बर्फाळ प्रवास आणि वर्तमानपत्रांतील खळबळ हे सगळे एकाच पुस्तकात असताना ते पुढे करायला त्याला कोणाच्या शिफारशीची गरज पडली नसणार.

तिसरे आयझॅक बाशेव्हिस सिंगर. वॉर्सातील एका ज्यू कुटुंबाच्या ऱ्हासाची, मूळ यिडिश भाषेत लिहिलेली ‘द फॅमिली मोस्कॅट’ ही त्यांची विस्तृत कादंबरी १९६८ साली विजेती ठरली आणि त्यांना नोबेल मिळाले १९७८ साली, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी. पास्तरनाक यांच्या बाबतीत वर्तमानपत्रांनी वाट तयार करून ठेवली होती, असे म्हणता येईल. सिंगर यांच्याबाबत तसे म्हणता येत नाही. म्हणून तिन्हींत मला ही निवड सर्वांत मोलाची वाटते.

यावरून विक्रेत्यांना भविष्य कळते असा निष्कर्ष काढण्याचे मात्र कारण नाही. सत्तर वर्षांत तीन नावे हे प्रमाण फार मोठे नव्हे.

परभाषांतील पुस्तकांना हा पुरस्कार मिळतो, हे इटलीत सर्वसाधारण आहे का?

नाही. इटलीतील सर्वांत प्रतिष्ठेचा मानला जाणारा स्त्रेगा पुरस्कार १९४७ साली रोममध्ये सुरू झाला आणि तो इटालियन भाषेतील लेखनासाठी आहे. व्हेनेतो भागातील उद्योजकांनी १९६२ साली स्थापन केलेला काम्पिएल्लो पुरस्कारही तसाच. त्यात तज्ज्ञांची समिती पाच पुस्तके निवडते आणि नंतर तीनशे सामान्य वाचक मत देतात. बांकारेल्लाने भाषेची ही अट कधी मानली नाही. अनुवाद आणि मूळ इटालियन पुस्तके येथे एकाच रांगेत उभी असतात, कारण दुकानातही ती शेजारीशेजारीच असतात आणि गिऱ्हाईक पुस्तक उचलताना ते कोणत्या भाषेतून आले हे बहुधा विचारत नाही.

त्यामुळे यादीतील परदेशी नावे खूप आणि परस्परांपासून फार दूरची आहेत. १९५६ साली हान सुयिन, १९५७ साली बायबलमधील प्रसंगांचा पुरातत्त्वाच्या आधारे मागोवा घेणारे वेर्नर केल्लर, १९७८ साली ‘रूट्स’चे लेखक अॅलेक्स हेली, १९९४ साली जॉन ग्रिशॅम, १९९५ साली तत्त्वज्ञानाचा इतिहास कादंबरीत गुंफणाऱ्या ‘सोफीज वर्ल्ड’चे नॉर्वेजियन लेखक युस्टाइन गार्डर, १९९८ साली चे गव्हेराचे विस्तृत चरित्र लिहिणारे मेक्सिकोचे पाको इग्नासिओ ताइबो दुसरे, १९९९ साली केन फॉलेट, २००० साली मायकेल कॉनली. २०१० साली एलिझाबेथ स्ट्राउट यांच्या ‘ऑलिव्ह किटरिज’ला हा पुरस्कार मिळाला, त्या पुस्तकाला आदल्या वर्षी पुलित्झर मिळाला होता. २०१८ साली स्पेनच्या दोलोरेस रेदोन्दो आणि २०२० साली इंग्लंडच्या अँजेला मार्सन्स यांची गुन्हेकथा विजेती ठरली.

या यादीत अनुवादकांचे नाव फारसे पुढे येत नाही, ही उणीव मात्र खटकते. मते इटालियन मजकूर वाचून पडतात आणि तो मजकूर अनुवादकाने लिहिलेला असतो.

फक्त कादंबऱ्यांनाच पुरस्कार मिळतो का?

मुळीच नाही. १९७० साली ओरियाना फाल्लाची यांना व्हिएतनाम युद्धाच्या त्यांच्या वार्तांकनातून उभ्या राहिलेल्या पुस्तकासाठी, १९७१ साली पत्रकार एन्त्सो ब्याजी यांना आणि १९७५ साली सुझान्ना आन्येल्ली यांना त्यांच्या आठवणींसाठी पुरस्कार मिळाला. मोटारी बनवणाऱ्या विख्यात घराण्यातील या लेखिकेने फॅसिस्ट राजवटीखालील आपले बालपण अतिशय हलक्या, तटस्थ हाताने लिहिले आहे. पुढे १९९५ साली त्या इटलीच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या. अनेकदा पंतप्रधान राहिलेले जुल्यो आन्द्रेओत्ती यांनाही १९८५ साली हा पुरस्कार मिळाला आहे. सत्तेवरील किंवा सत्तेजवळील माणसाचे पुस्तक गौरवले गेले की शंका येणे स्वाभाविक आहे. पण राजकारण्याची खोचक निरीक्षणे वाचायला इटालियन गिऱ्हाईक तेव्हा पैसे मोजत होते, हेही तितकेच खरे.

युद्धावरील पुस्तकांचे प्रमाण एवढे का दिसते?

१९५९ ते १९६६ या काळातील यादी पाहिली की हा प्रश्न पडतोच, आणि माझ्या मते संपूर्ण यादीतील सर्वांत बोलका तुकडा हाच आहे.

१९५९ साली विजेते ठरले हाइन्रिश गेर्लाख यांचे स्टालिनग्राडच्या वेढ्यात सापडलेल्या जर्मन सैन्यावरील पुस्तक. लेखक स्वतः त्या वेढ्यात होता. सोव्हिएत कैदेत असताना त्याने पहिला खर्डा लिहिला आणि तो जप्त झाला. सुटकेनंतर संमोहनाची मदत घेऊन त्याने आठवणी जाग्या केल्या आणि पुस्तक पुन्हा लिहिले. जप्त झालेला मूळ खर्डा अनेक दशकांनी मॉस्कोच्या अभिलेखागारात सापडला आणि २०१६ साली जर्मनीत छापला गेला. १९६१ साली आंद्रे श्वार्झ-बार यांची ज्यूंच्या छळाचा शतकानुशतकांचा पट मांडणारी कादंबरी आली, जिला फ्रान्समध्ये गाँकूर पुरस्कार मिळालेला होता. १९६२ साली नॉर्मंडीच्या चढाईवरील कॉर्नेलियस रायन यांचे ‘द लाँगेस्ट डे’.

त्यानंतरची तीन इटालियन पुस्तके अधिक महत्त्वाची. १९६३ चे विजेते पाओलो काच्चा दोमिनिओनी हे इजिप्तमधील अल अलामीनच्या रणांगणावर लढलेले अधिकारी होते. युद्ध संपल्यावर त्यांनी अनेक वर्षे त्या वाळवंटात मृत सैनिकांचे अवशेष शोधण्यात घालवली आणि तेथील इटालियन स्मारकाचा आराखडाही त्यांनीच केला. त्यांचे अलामीनवरील पुस्तक या कामातून उभे राहिले. १९६४ साली जुल्यो बेदेस्की यांच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला. १९४२-४३ च्या हिवाळ्यात रशियातून झालेली इटालियन पहाडी पलटणींची भीषण माघार सैन्यातील डॉक्टर म्हणून त्यांनी अनुभवली होती. त्यांचे हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी परत पाठवले होते. अखेर १९६३ साली मुर्सिया प्रकाशनाने ते छापले आणि पुस्तक घराघरांत पोहोचले. १९६६ साली माउथहाउझेनच्या छळछावणीतून वाचलेले व्हिन्चेन्त्सो पाप्पालेत्तेरा विजेते ठरले.

इटलीच्या पराभवाविषयी आणि परत न आलेल्या माणसांविषयी अधिकृत भाषणांत जे बोलले जात नव्हते, ते वाचायला लोक ठेल्यांकडे येत होते. बेदेस्की यांचे पुस्तक प्रकाशकांना नको होते, कारण युद्धाला लोक कंटाळले आहेत असा त्यांचा समज होता. घरातला एखादा मुलगा रशियाच्या बर्फात राहिला अशी गिऱ्हाइके रोज भेटणाऱ्या विक्रेत्यांचा तसा समज असण्याचे कारण नव्हते. विक्रेत्यांच्या पुरस्काराला स्वतःचे असे काय सांगायचे असते, हे कोणी विचारले तर मी याच वर्षांकडे बोट दाखवीन.

इटालियन साहित्यातील मोठी नावे यादीत आहेत का?

आहेत, पण सगळी नाहीत. डॉन कामिल्लो या पाद्र्याच्या गोष्टींनी जगभर पोहोचलेले जोव्हान्नीनो ग्वारेस्की १९५४ साली विजेते होते. मानहानीच्या खटल्यात त्यांना तुरुंगात जावे लागले तेही याच वर्षी. १९७४ साली जुझेप्पे बेर्तो, १९७६ साली कार्लो कास्सोला, १९८९ साली ‘फूकोज पेंड्युलम’साठी उम्बेर्तो एको आणि २००१ साली आन्द्रेआ कामिल्लेरी यांची इन्स्पेक्टर मोन्ताल्बानोची एक कथा गौरवली गेली. एको यांची ती कादंबरी किती जणांनी शेवटपर्यंत वाचली, हा प्रश्न इटलीतही थट्टेने विचारला जातो. आल्बेर्तो बेव्हिलाक्वा यांना १९७२ आणि १९९२ असा दोनदा पुरस्कार मिळाला, म्हणजे एकदा मिळाल्यावर पुन्हा मिळू नये असा दंडक दिसत नाही.

अलीकडच्या विजेत्या पुस्तकांचा दर्जा घसरला आहे, असे म्हणतात. ते खरे आहे का?

२००० नंतरच्या यादीत गुन्हेकथा, रहस्यकथा आणि ऐतिहासिक घराण्यांच्या कादंबऱ्या यांचे पारडे जड झाले आहे, हे मान्य करावे लागते. २००५ साली माजी सरकारी वकील जान्रीको कारोफील्यो, २००८ साली व्हालेरिओ मास्सिमो मान्फ्रेदी, २००९ साली पदार्पणाच्या थरारकथेसाठी दोनातो कार्रीसी, २०१२ साली मध्ययुगीन रहस्यकथेसाठी मार्चेल्लो सिमोनी, २०१७ साली मेदिची घराण्यावरील कादंबरीसाठी मात्तेओ स्त्रूकुल, २०२२ साली सिसिलीतील फ्लोरिओ या व्यापारी घराण्यावरील कादंबरीच्या दुसऱ्या भागासाठी स्तेफानिया आऊची आणि २०२३ साली दक्षिण इटलीतील एका टपालवालीच्या कहाणीसाठी फ्रान्चेस्का जान्नोने, हा क्रम पाहिला तर १९५८ किंवा १९६८ ची उंची यांत कोठे आहे, असे विचारता येईल.

तरीही घसरण हा शब्द मला जसाच्या तसा पटत नाही. हा पुरस्कार पहिल्यापासून ठेल्यावरच्या वाचकाचा आहे आणि तो वाचक बदलला आहे. साठच्या दशकात युद्धाच्या आठवणी मागणारा माणूस आज चित्रवाणीवर माहितीपट पाहतो. पुस्तकाकडे तो येतो ते दीर्घ कथेसाठी. २०१३ सालची निवड या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्या वर्षी आन्ना प्रेमोली यांची हलकीफुलकी प्रेमकादंबरी विजेती ठरली. लेखिकेने ती आधी स्वतःच डिजिटल स्वरूपात प्रसिद्ध केली होती, तेथे वाचक मिळाल्यावर छापील प्रकाशकाने ती घेतली. साहित्याच्या मापाने तिचे वजन फार नाही, हे मी मोकळेपणाने म्हणेन. मात्र इंटरनेटवरून आलेले पुस्तक सर्वांत जुन्या पद्धतीने पुस्तके विकणाऱ्यांनी निवडावे, यात त्यांचा कोतेपणा तर दिसत नाही.

विजेत्याला काय मिळते?

संत जॉन ऑफ गॉड यांची मातीची भाजलेली मूर्ती. हे पुस्तकविक्रेत्यांचे आणि रुग्णालयांचेही आश्रयदाते संत मानले जातात, आणि दोन्हींचे कारण त्यांच्या चरित्रात आहे. १४९५ साली पोर्तुगालमध्ये जन्मलेला हा माणूस सैनिक, मेंढपाळ आणि मजूर होऊन अखेर जिब्राल्टरच्या आसपास पुस्तके व धार्मिक चित्रे पाठीवर घेऊन विकू लागला. मग ग्रानादात त्याने लहानसे दुकान थाटले. काही काळाने एका प्रवचनाने तो इतका हादरला, की दुकान सोडून वेड्यासारखा रस्त्यांवर भटकू लागला. लोकांनी त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकले. तेथील रुग्णांचे हाल पाहून, सुटल्यावर त्याने गरिबांसाठी स्वतःचे रुग्णालय उभारले. १५५० साली त्याचा मृत्यू झाला. मोन्तेरेज्जोच्या करंडीवाल्यांना आपला संत निवडताना फार शोधाशोध करावी लागली नसेल.

याच नावाचे दुसरे पुरस्कारही आहेत का?

होय. क्रीडाविषयक पुस्तकांसाठी १९६४ पासून वेगळा बांकारेल्ला दिला जातो, पाकशास्त्रावरील पुस्तकांसाठी एक आहे आणि मुलांच्या पुस्तकांसाठी बांकारेल्लीनो आहे. त्यात शाळकरी मुलेच मत देतात. मुलांच्या पुस्तकांवर मोठ्यांनी परस्पर निर्णय देण्यापेक्षा ही पद्धत बरी, याविषयी दुमत होऊ नये.

विक्रेत्यांनी पुरस्कार देण्याची प्रथा इतर देशांत आहे का?

आहे, आणि ती बांकारेल्लाहून जुनीही आहे. अमेरिकेतील पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेने १९३० च्या दशकाच्या मध्यात राष्ट्रीय पुस्तक पुरस्कार सुरू केले. त्यांत ‘विक्रेत्यांचा शोध’ नावाचा एक विभाग दुर्लक्षित पुस्तकांसाठी राखून ठेवलेला होता. १९३६ च्या पुस्तकांत ‘गॉन विथ द विंड’ सर्वोत्कृष्ट कादंबरी ठरली. महायुद्धात हा उपक्रम थांबला आणि १९५० साली पुन्हा सुरू झाला तेव्हा सूत्रे व्यापक प्रकाशनव्यवसायाकडे गेली होती. फ्रान्समध्ये विक्रेत्यांचा पुरस्कार १९५५ पासून आहे. अमेरिकेच्या वायव्य भागातील विक्रेत्यांची प्रादेशिक संघटना साठच्या दशकापासून आपल्या भागातील लेखकांना गौरवते. या प्रादेशिक पुरस्कारांत आणि बांकारेल्लात एक मूलभूत फरक आहे. तेथे लेखक त्या प्रदेशाचा असावा लागतो. येथे प्रदेशाचे आहेत ते पुरस्कार सुरू करणारे विक्रेते, लेखक कोठलाही चालतो.

यादीतील पुस्तके वाचायची असतील तर सुरुवात कोठून करावी?

‘एका कोळियाने’ वाचले नसेल तर तेथून. त्यानंतर ज्यांना इंग्रजी चालते त्यांनी ‘ऑलिव्ह किटरिज’ घ्यावे; लहान गावातील एका खडूस, अप्रिय आणि अविस्मरणीय शिक्षिकेभोवती गुंफलेल्या या कथा मराठी वाचकाला परक्या वाटणार नाहीत. वेळ भरपूर असेल तर ‘द फॅमिली मोस्कॅट’. पात्रांची संख्या मोठी असल्याने पहिली शंभर पाने कागदावर वंशावळ मांडून वाचलेली बरी. कामिल्लेरी यांच्या मोन्ताल्बानो कथांचे इंग्रजी अनुवाद सहज मिळतात आणि त्या कोणत्याही क्रमाने वाचता येतात. ‘डॉक्टर झिवागो’ तरुणपणी अर्धी सोडून दिलेल्यांनी पुन्हा हाती घ्यायला हरकत नाही, मात्र शेवटी दिलेल्या कवितांसकट. त्या परिशिष्ट म्हणून वगळण्यासाठी नाहीत.

पोन्त्रेमोलीला जाता येते का?

जाता येते. पार्मा आणि ला स्पेत्सिया या शहरांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावर हे गाव आहे आणि रोमकडे जाणारा जुना यात्रामार्गही चीसा खिंड उतरून येथूनच जातो. मोजणीचा समारंभ जुलैमध्ये होतो. मोन्तेरेज्जो डोंगरात वर आहे. तेथील रस्त्यांना आणि चौकांना प्रकाशकांची नावे दिलेली आहेत. पोन्त्रेमोलीच्या किल्ल्यातील संग्रहालयात लुनिजानाच्या शेतांत सापडलेल्या प्रागैतिहासिक पाषाणमूर्ती आहेत. त्यांचा पुस्तकांशी काही संबंध नाही, पण तेवढ्या लांब गेल्यावर त्या न पाहता परतू नये.